दीडपट तारण आणि एक शुक्रवार: झीच्या समभागांवर उभ्या राहिलेल्या रोख्यांचे प्रकरण

२५ जानेवारी २०१९, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती. त्या दिवशी झी एंटरटेनमेंटचा समभाग असा कोसळला की आदल्या दिवशी ४३५ रुपयांच्या आसपास असलेला भाव ३१९ च्या जवळ येऊन बंद झाला. एकाच सत्रात सुमारे २६ टक्के गेले. झी ज्या एस्सेल समूहाची, त्याच समूहाच्या डिश टीव्हीची पडझड तर याहून मोठी होती. एका वृत्तस्थळाने बातमी दिली होती की, नोटाबंदीच्या काळातील मोठ्या रोख भरण्यांमुळे गंभीर घोटाळे तपास कार्यालयाच्या चौकशीत असलेल्या नित्यांक इन्फ्रापॉवर या कंपनीचे एस्सेल समूहाशी लागेबांधे आहेत. समूहाने ते नाकारले. पण बाजाराने उत्तराची वाट पाहिली नाही.

समभाग पडला की भागधारकाचे नुकसान होते, हे सगळ्यांना समजते. या प्रकरणात मात्र असे हजारो लोक अडकले ज्यांनी झीचा एकही समभाग घेतलेला नव्हता. त्यांनी घेतल्या होत्या एफएमपी, म्हणजे ठरावीक मुदतीच्या म्युच्युअल फंड योजना. बँकेतल्या मुदत ठेवीपेक्षा थोडे जास्त मिळावे आणि कर कमी लागावा, एवढीच त्यांची अपेक्षा. घरात रोज संध्याकाळी झी मराठीवरची मालिका लागते आणि त्याच घरातल्या निवृत्त माणसाची पुंजी त्या समूहाच्या प्रवर्तकांच्या कर्जात आहे, हे त्या माणसाला एप्रिल उजाडेपर्यंत ठाऊक नव्हते. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते, म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडावेसे वाटले.

कागद काय सांगत होता

एस्सेल समूहाचे प्रवर्तक सुभाष चंद्रा. १९९२ साली त्यांनी झी टीव्ही सुरू केली आणि तिच्यातून उभी राहिलेली झी एंटरटेनमेंट हा समूहाचा सर्वांत चांगला, नफा कमावणारा व्यवसाय होता. प्रवर्तकांकडे तिचे सुमारे ४१ टक्के समभाग होते. समूहाने पुढे रस्ते, वीज अशा पायाभूत क्षेत्रांत हात घातला. तिथे पैसा अडकला आणि तो फेडायला आणखी पैसा लागू लागला. तो उभा करायला सर्वांत सोपे तारण कोणते? झीचे समभाग.

मग कोंटी इन्फ्रापॉवर, एडिसन युटिलिटी वर्क्स, स्प्रिट इन्फ्रापॉवर अशा नावांच्या समूहातल्या कंपन्यांनी अपरिवर्तनीय कर्जरोखे काढले. ते बाजारात एनसीडी म्हणून ओळखले जातात. म्युच्युअल फंडांनी ते घेतले. रोखे झिरो कूपन होते: मधे व्याज नाही, मुदत संपली की मुद्दल आणि व्याज एकरकमी. या कंपन्यांच्या कमाईवर कोणाची भिस्त नव्हती. भिस्त होती ती डिबेंचर ट्रस्टीकडे, म्हणजे रोखेधारकांच्या वतीने तारण सांभाळणाऱ्या संस्थेकडे, गहाण ठेवलेल्या झीच्या समभागांवर. पतमानांकनाच्या अक्षरांमागे 'एसओ' असा प्रत्यय लागे. त्याचा अर्थ, हे मानांकन कर्जदाराच्या स्वतःच्या पतीचे नाही, व्यवहाराला जी रचना दिली आहे तिचे आहे.

त्या रचनेचा कणा म्हणजे कव्हर. शंभर रुपयांच्या कर्जापोटी किती रुपयांचे समभाग गहाण आहेत, याचे गुणोत्तर. त्या काळी अशा व्यवहारांत दीड ते दोन पट कव्हर सर्रास असे. भाव पडून कव्हर ठरलेल्या रेषेखाली गेले की प्रवर्तकाने ठरावीक दिवसांत आणखी समभाग किंवा रोकड आणून भर घालायची, म्हणजे टॉप-अप करायचा. नाही केला तर ट्रस्टीने गहाण समभाग विकून पैसे वसूल करायचे. वाचताना हे अगदी बिनधोक वाटते. सोन्यावर कर्ज देणाऱ्या सराफाचा हिशेबही असाच असतो. मात्र सराफाने एक अंगठी विकली म्हणून सोन्याचा भाव पडत नाही.

दीडपटीचा हिशेब

आकडे सोपे करून मांडतो. समजा कर्ज १०० कोटींचे आणि तारण १५० कोटींचे. शुक्रवारच्या घसरणीनंतर तेच समभाग उरले ११० कोटींचे. कव्हर १.५ वरून थेट १.१ वर.

कव्हर ठरलेल्या रेषेवर आहे का, ही या कर्जाची कसोटी. आता ती पुन्हा पास करायची तर दोन वाटा. पहिली, टॉप-अप. ४० कोटींचे आणखी समभाग हवेत, तेही नव्या पडलेल्या भावाने. म्हणजे आधी जितके समभाग गहाण होते त्याच्या ३६ टक्के जास्त. झीच्या बाबतीत प्रवर्तकांचे निम्म्याहून जास्त समभाग आधीच गहाण होते. हिशेबापुरते ६० टक्के धरले, तर एका दिवसात ते ८२ टक्क्यांवर जायला हवेत. आणि तेवढीच घसरण पुन्हा एकदा झाली, तर लागणारे समभाग १०० टक्क्यांच्या पुढे जातात. म्हणजे घरात तेवढे समभागच नाहीत. दीडपट कव्हर कागदावर कायमचे संरक्षण वाटते. या हिशेबाने ते एक वाईट दिवस सोसते, दुसरा सोसत नाही.

दुसरी वाट, विक्री. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ११० कोटींच्या तारणातले किती विकून कर्ज फेडले म्हणजे उरलेल्या कर्जावर पुन्हा दीडपट कव्हर येईल? उत्तर आहे ८० कोटी. तेवढे विकले की ३० कोटींचे तारण आणि २० कोटींचे कर्ज उरते. म्हणजे कसोटीची रेषा पुन्हा गाठायची तर जवळजवळ तीन चतुर्थांश तारण विकावे लागते, आणि ते विकताना भाव आणखी पडणार नाही असे गृहीत धरावे लागते. प्रत्यक्षात असे रोखे धरून बसलेले फंड आणि वित्तसंस्था डझनांनी होत्या. म्युच्युअल फंडांचाच पैसा सात-आठ हजार कोटींच्या घरात होता. सगळ्यांनी एकाच सोमवारी विकायला काढले असते, तर विकत घेणार कोण?

प्रत्येक कर्ज सुटे पाहिले तर तारण पुरेसे होते. सगळी कर्जे एकत्र ठेवून पाहिली तर तारण एकच होते आणि त्याला बाहेर जायचा दरवाजाही एकच होता. प्रत्येक फंडाने आपापले कव्हर मोजले. शेजाऱ्याचे कर्जही त्याच समभागांवर उभे आहे, हे मोजणारी कसोटी कोणाकडेच नव्हती.

त्याच रात्री सुभाष चंद्रांचे खुले पत्र आले. त्यांनी कर्जदात्यांची माफी मागितली. पायाभूत क्षेत्रात चुकीच्या बोली लावल्या आणि त्यात चार ते पाच हजार कोटींचा फटका बसला, व्हिडिओकॉनचा डी२एच हा डीटीएच व्यवसाय घेणे ही चूक ठरली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएस ही पायाभूत क्षेत्राला कर्ज देणारी बडी वित्तसंस्था कोसळल्यानंतर नव्या कर्जाने जुने फेडण्याची वाट बंद झाली, असा त्याचा आशय. झीतला आपला निम्म्यापर्यंतचा हिस्सा विकायला काढल्याचे प्रवर्तकांनी नोव्हेंबर २०१८ मध्येच जाहीर केले होते. खरेदीदार अजून सापडायचा होता.

रविवारची बैठक, आणि तिच्या शेजारचे दुसरे प्रकरण

२७ जानेवारीच्या रविवारी प्रवर्तक आणि कर्जदाते बसले. ठरले ते असे: भाव पडला एवढ्या कारणावरून कोणी कर्ज बुडीत घोषित करायचे नाही, गहाण समभाग विकायचे नाहीत, आणि प्रवर्तकांनी ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत हिस्सा विकून कर्ज फेडायचे. बाजारात याला 'स्टँडस्टिल' म्हणाले. कसोटी नापास झाली होती आणि तिची शिक्षा सर्वांनी मिळून स्थगित केली. सोमवारी झीचा भाव बराच सावरला.

ही पळवाट होती का? पुढच्याच आठवड्यात काय घडले ते पाहिले तर उत्तर सोपे राहत नाही. १ फेब्रुवारीला रिलायन्स कम्युनिकेशन्सने दिवाळखोरी प्रक्रियेत जाण्याचे जाहीर केले आणि अनिल अंबानी समूहाचे समभाग घसरू लागले. तिथे एल अँड टी फायनान्स आणि एडेलवाइज समूहाच्या संस्थांनी करारातला हक्क वापरून गहाण समभाग खुल्या बाजारात विकले. समूहाच्या निवेदनानुसार ४ ते ७ फेब्रुवारीदरम्यान सुमारे ४०० कोटींचे समभाग विकले गेले आणि त्या चार दिवसांत समूहाच्या बाजारमूल्यातून सुमारे १३,००० कोटी, म्हणजे निम्म्याहून जास्त, पुसले गेले. समूहाने या विक्रीला बेकायदा म्हटले. कर्जदात्यांनी आरोप फेटाळला आणि आपण कराराप्रमाणेच वागलो असे सांगितले. पडझडीचे सगळे खापर त्या विक्रीवर फोडता येणार नाही, दिवाळखोरीची बातमी स्वतःच मोठी होती. पण चारशे कोटी वसूल करायला गेल्यावर उरलेल्या सर्वांच्या तारणाचे काय होते, ते त्या चार दिवसांत दिसले. नंतर तिथेही नव्वद टक्क्यांहून जास्त कर्जदाते ३० सप्टेंबरपर्यंत थांबायला तयार झाले.

माझे मत असे की, झीच्या प्रकरणात थांबणे हा व्यवहार म्हणून बरोबर निर्णय होता. व्यवसाय चांगला होता, खरेदीदार मिळण्याची शक्यता खरी होती, आणि घाईच्या विक्रीने सर्वांचेच हात पोळले असते. चूक त्याच्या आधीची होती, आणि ती सोसावी लागली भलत्यालाच.

याच कसोटीचे दुसरे रूप

इथे थोडे बाहेर जाऊन यायला हवे, कारण तारण-कव्हरची कसोटी मुळातच निरुपयोगी असते असा समज मला पसरवायचा नाही. अमेरिकेत कंपन्यांना दिलेल्या कर्जांची मोट बांधून त्यावर थराथरांचे रोखे काढतात. त्यांना सीएलओ म्हणतात. तिथेही तारण आणि थकीत रोखे यांचे गुणोत्तर ठरावीक तारखांना मोजतात, आणि सर्वांत खालच्या कर्जथरासाठी ही रेषा १०४ टक्क्यांच्या आसपास असू शकते. दीडपट सोडाच, शंभराला एकशे चार. तरीही ती कसोटी काम करते.

याचे पहिले कारण म्हणजे तारणात शेकडो कर्जे असतात. एका समूहाच्या एका समभागावर सगळे टांगलेले नसते. दुसरे, मोजणी रोजच्या बाजारभावाने होत नाही, कर्जांच्या दर्शनी रकमेने होते. कर्ज थकले, किंवा 'सीसीसी' या अगदी कमकुवत मानांकनाची कर्जे ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली (ही मर्यादा बहुधा साडेसात टक्के असते), तरच त्या भागाला कमी किंमत लावतात. म्हणजे बाजार घाबरला एवढ्याने कसोटी नापास होत नाही. खरोखर पत ढासळली तर होते. आणि सर्वांत महत्त्वाचे: नापास झाली की काहीही विकावे लागत नाही. दर तिमाहीला जमा होणारे जे व्याज खालच्या थरांना आणि मालकी-थराला गेले असते, ते वळवून वरच्या थराचे मुद्दल फेडायला लावतात. गुणोत्तर पुन्हा रेषेवर आले की पाणी परत जुन्या पाटाने वाहू लागते. कोणाची बैठक नाही, कोणाची विनवणी नाही. बाजारभावाने मोजणारे सीएलओही एकेकाळी निघाले होते. २००८ च्या पडझडीत सक्तीच्या विक्रीने त्यांचीच सर्वांत वाईट दशा झाली.

आता झीच्या रोख्यांकडे परत या. तारण एकच समभाग. मोजणी रोजच्या भावाने. आणि रोखे झिरो कूपन, म्हणजे मधे येणारा पैसाच नाही, तर वळवणार काय? व्याजाचा हप्ता असता तर तो चुकल्यावर निदान आधी धोका कळला असता. तोही नाही. कसोटीला एकच हत्यार उरले होते, विक्री, आणि ते चालवले की कसोटी स्वतःच मोडत होती. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला मूळ दोष हाच. कव्हर दीडपट होते की दोनपट, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

एप्रिल

स्टँडस्टिलमुळे खुल्या मुदतीच्या फंडांना वेळ मिळाला. एफएमपीला मात्र वेळ नसतो. तिची तारीख पहिल्या दिवशीच छापलेली असते.

आणि नेमक्या एप्रिलमध्येच बऱ्याच एफएमपी संपत होत्या, त्यालाही करहिशेबाचे कारण होते. तेव्हाच्या नियमाने तीन वर्षांहून जास्त ठेवलेल्या डेट फंडाला महागाई निर्देशांकाचा, म्हणजे इंडेक्सेशनचा, लाभ मिळत असे. २०१६ च्या मार्चअखेरीआधी घेतलेली योजना २०१९ च्या एप्रिलमध्ये संपवली, की मुदत तीन वर्षांची पण इंडेक्सेशन चार आर्थिक वर्षांचे. म्हणून ११०० हून जास्त दिवसांच्या योजना. एचडीएफसीच्या एका योजनेच्या नावातच ११६८ दिवस होते. बचतदाराच्या फायद्यासाठी निवडलेली तारीख स्टँडस्टिलच्या बरोबर मधोमध आली.

कोटक म्युच्युअल फंडाने एप्रिलमध्ये संपणाऱ्या योजनांत एस्सेलच्या रोख्यांपुरती रक्कम रोखून बाकीचे पैसे दिले. एचडीएफसी म्युच्युअल फंडाने मुदत ३८० दिवसांनी वाढवण्याचा पर्याय युनिटधारकांपुढे ठेवला. पुढे जूनमध्ये एचडीएफसी एएमसीने, म्हणजे हे फंड चालवणाऱ्या कंपनीने, स्वतःच्या खात्यातून ५०० कोटींपर्यंतची सोय करून आपल्या एफएमपींमधले हे रोखे सोडवून घेण्याचे ठरवले, आणि तिथला प्रश्न मालमत्ता व्यवस्थापन कंपनीने अंगावर घेतला.

कागदपत्रांत जोखमीचा उल्लेख असतोच, असे यावर सांगितले जाते. असतो. पण 'पैसे बुडू शकतात' आणि 'पैसे बुडणार नाहीत, पण तुम्हाला न विचारता त्यांची तारीख पुढे जाईल' या दोन वेगळ्या जोखमी आहेत. मुलीच्या लग्नासाठी, फ्लॅटच्या शेवटच्या हप्त्यासाठी एप्रिलची तारीख धरून बसलेल्या माणसाला दुसरी जोखीमही पहिलीइतकीच बोचते. रविवारच्या त्या बैठकीत फंड होते, वित्तसंस्था होत्या, प्रवर्तक होते. ज्याच्या पैशाबद्दल बोलणे चालले होते तो युनिटधारक तिथे नव्हता, आणि त्याची तारीख माहीत असूनही तिची वेगळी सोय लावली गेली नाही.

भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीचे तत्कालीन अध्यक्ष अजय त्यागी यांनी स्टँडस्टिलवर उघड नापसंती दाखवली. म्युच्युअल फंड ही बँक नव्हे, ती लोकांचा पैसा गुंतवते, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट २०२१ मध्ये सेबीने कोटक एएमसीला ५० लाखांचा दंड केला, सहा महिने नवी एफएमपी आणायला मनाई केली आणि सहा योजनांच्या युनिटधारकांकडून घेतलेल्या व्यवस्थापन शुल्काचा काही भाग १५ टक्के व्याजाने परत करायला सांगितले. त्या आदेशाविरुद्ध कोटक एएमसी रोखे अपील न्यायाधिकरणात (सॅट) गेली.

पैसे परत आले

३१ जुलै २०१९ ला इन्व्हेस्को ओपनहायमर फंडाने झीतला ११ टक्के हिस्सा प्रत्येकी ४०० रुपयांनी, एकूण ४,२२४ कोटींना घेण्याचे मान्य केले. सप्टेंबरपर्यंत त्यातून एफएमपीधारकांची अडकलेली रक्कम सुटली. काही कर्जदात्यांना आणखी थांबावे लागले. नोव्हेंबरमध्ये प्रवर्तकांनी आणखी १६.५ टक्के हिस्सा विकायला काढला आणि त्यांच्याकडे सुमारे ५ टक्केच उरतील असे झाले. त्याच महिन्यात चंद्रा झीच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले.

शेवट गोड झाला म्हणून रचना बरोबर होती, असे म्हणणारे मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. ४०० रुपये देणारा खरेदीदार मिळाला तो झीचा व्यवसाय चांगला होता म्हणून. अंबानी समूहाच्या कर्जदात्यांकडेही कव्हर होते, करार होते, ट्रस्टी होते.

सेबीने २७ जून २०१९ च्या बैठकीत नियम बदलला आणि १ ऑक्टोबरच्या परिपत्रकाने तो लागू केला. समभागांच्या तारणावर उभे असलेले रोखे म्युच्युअल फंडाला घ्यायचे तर कव्हर किमान चारपट हवे. असे पत-आधारावरचे रोखे योजनेच्या कर्जगुंतवणुकीच्या १० टक्क्यांपर्यंतच, आणि एका समूहाचे ५ टक्क्यांपर्यंतच. ऑगस्टमध्ये आणखी एक बदल आला: गहाण समभाग प्रवर्तकाच्या हिश्श्याच्या निम्म्यावर किंवा कंपनीच्या भांडवलाच्या २० टक्क्यांवर गेले, तर त्याची कारणे जाहीर करायची. मानांकनातला 'एसओ' प्रत्यय अशा रोख्यांसाठी जाऊन 'सीई', म्हणजे बाहेरून पत-आधार असलेला, हा प्रत्यय आला.

चारपट हा आकडा पुष्कळांना टोकाचा वाटला. वरचाच हिशेब त्यावर लावून पाहा. १०० कोटींना ४०० कोटींचे तारण, तीच शुक्रवारची घसरण, उरले २९३ कोटी. कव्हर पुन्हा चारपट करायला सुमारे ३६ कोटींचे समभाग विकावे लागतात, म्हणजे तारणाचा आठवा हिस्सा. दीडपटीत जवळजवळ तीन चतुर्थांश विकावे लागत होते. मोठ्या कव्हरचा खरा उपयोग हा आहे: कसोटीचे हत्यार तारण न मोडता चालवता येते. म्हणून मी या नियमाच्या बाजूने आहे, त्यामुळे प्रवर्तकांना म्युच्युअल फंडांकडून मिळणारे असे कर्ज जवळपास आटणार असले तरी.

पण त्याच परिपत्रकात पुढे एक वाक्य आहे. कव्हर ठरलेल्या पातळीखाली घसरले, तर गुंतवणूकदारांच्या हिताच्या रक्षणासाठी एएमसीने आवश्यक ती पावले उचलावीत. कोणती पावले, किती दिवसांत, आणि ज्याच्या योजनेची मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे त्याचे काय, याबद्दल त्या वाक्यात काहीही नाही.